वायफाय प्रिंटर पुन्हा पुन्हा ‘ऑफलाइन’: आधी त्याचा पत्ता शोधा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या दुसऱ्या कुणालाही हे उत्तर वापरता येईल.

सांगलीत विश्रामबागला तुमचं दोन मजली घर. इंटरनेटचा फायबरचा डबा, म्हणजे पहिला राउटर, खाली हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. वरच्या खोल्यांत रेंज पुरेना म्हणून दिवाळीत दुसरा राउटर घेतला आणि वर लावला. शाळेच्या स्वाध्यायपत्रिका घरीच छापता याव्यात म्हणून गेल्या महिन्यात इंक टँकचा वायफाय प्रिंटर आणला, तो हॉलमधल्या कपाटावर ठेवला. बसवताना लॅपटॉप हॉलमध्येच होता, पहिल्या दिवशी पंचवीस पानं छान निघाली. रात्री नेहमीसारखं मेन बंद केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’. प्रिंटर काढून टाकला, पुन्हा घातला, चालला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. फोनचं म्हणाल तर हॉलमध्ये बसून प्रिंट निघते, वरच्या खोलीत गेलं की प्रिंटर सापडतच नाही. दुकानदार सांगतो नवा राउटर घ्या, घरचे म्हणतात प्रिंटर परत देऊन टाका.

यातलं काहीच करू नका. तुम्ही जे सांगितलंत त्यावरून प्रिंटर ठणठणीत आहे आणि राउटरही. मी सांगली-मिरजेत २२ वर्षं हेच काम करतोय. घरगुती वायफाय प्रिंटरच्या तक्रारी घेऊन जे येतात, त्यांतल्या फार थोड्यांच्या प्रिंटरमध्ये खरोखर बिघाड असतो. बाकी सगळे थकलेले असतात. तीन-तीनदा ॲप उतरवलेलं असतं, रविवार वाया गेलेला असतो, आणि आपल्यालाच काही जमत नाही असं वाटू लागलेलं असतं. ते मनातून काढा. पेटीबरोबर येतो तो चार चित्रांचा कागद. घरात दोन राउटर असले तर काय करायचं, लाईट गेली तर काय होतं, यातलं त्यावर एक अक्षर नसतं. तुम्ही चुकलेला नाहीत, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

केबलच्या प्रिंटरला पत्ता लागत नाही. वायरचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं प्रिंटरला, मध्ये कुणी नाही. वायफायवर मात्र पान दोन टप्प्यांत जातं: लॅपटॉपकडून राउटरकडे, राउटरकडून प्रिंटरकडे. राउटरशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो, त्याला आयपी म्हणतात. १९२.१६८.१.७ असा काहीतरी. हा पत्ता कायमचा नसतो. लॉजवर मुक्कामाला येणाऱ्याला मॅनेजर मोकळी असेल त्या खोलीची किल्ली देतो, तसं हे चालतं. आज प्रिंटरला ७ नंबर मिळाला. रात्री तुम्ही मेन बटण बंद केलंत. सकाळी त्याच्या आधी मुलाचा फोन, टीव्ही, पाहुण्यांचा टॅब आत आले आणि ७ नंबर टीव्हीला गेला, तर प्रिंटरला मिळतो १२. लॅपटॉप मात्र जुन्या सवयीने ७ चं दार वाजवत बसतो. आतून उत्तर येत नाही, मग तो पडद्यावर लिहितो: ऑफलाइन. प्रिंटर तर शेजारच्या कपाटावर हिरवा दिवा लावून तयार बसलेला असतो.

तुम्ही प्रिंटर काढून पुन्हा घातलात की लॅपटॉप नव्याने शोध घेतो, त्याला १२ सापडतो, आणि गाडी चालू होते. पत्ता पुन्हा बदलेपर्यंत. म्हणून काढणं-घालणं हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो आणि दोन दिवसांत फसतो. नवा राउटर घेतला असता तरी हेच झालं असतं, पैसे तेवढे गेले असते.

आता कामाला लागू. पहिलं काम लॅपटॉपवर करायचंच नाही, प्रिंटरवर करायचं. त्याच्याकडून त्याच्या नेटवर्कचं पान छापून घ्या. पडदा असलेल्या प्रिंटरमध्ये हे सेटिंग्जमध्ये मिळतं. पडदा नसेल तर काहींना ‘आय’चं बटण असतं, काहींचं वायफायचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, मॅन्युअलमध्ये ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन’ किंवा ‘नेटवर्क स्टेटस’ हे शब्द शोधा. त्या पानावर बरीच गिचमिड असते, आपल्याला तीनच गोष्टी हव्यात: प्रिंटर कोणत्या वायफायच्या नावाला जोडलाय, त्याचा आयपी पत्ता काय, आणि मॅक पत्ता काय. मॅक हा सहा जोड्यांचा, आकडे आणि अक्षरं मिसळलेला क्रमांक असतो. तो यंत्राबरोबर कारखान्यातून येतो आणि राउटर त्यावरूनच यंत्र ओळखतो.

आयपी पत्ता बघूनच निम्मं निदान होतं. ०.०.०.० असेल तर प्रिंटर कुठेच जोडलेला नाही. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला खोली दिलेली आहे, अडचण पुढच्या टप्प्यात आहे. आणि १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला.

हा १६९.२५४ आपल्याकडे पावसाळ्यात फार दिसतो. गेल्या जुलैत गावभागात एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो होतो. लाईट गेली की प्रिंटर मरतो, अशी त्यांची तक्रार. त्यांनी टेबलावर सगळी पावती, वॉरंटी कार्ड, पेटीसुद्धा काढून ठेवली होती, परत द्यायच्या तयारीने. मी म्हटलं, काका, आधी मेन बंद करून चालू करा, मला बघू द्या. त्यांनी बटण दाबलं. प्रिंटरने घरघर केली, डोकं डावी-उजवीकडे फिरलं, आणि पाऊण मिनिटात तो तयार. वायफायचा निळा दिवा लुकलुकत राहिला. फायबरच्या डब्यावर मात्र अजून लाल दिवा. दोन मिनिटं झाली, अडीच झाली, तेव्हा कुठे डबा हिरवा झाला. तोवर प्रिंटरने राउटरला शोधून शोधून नाद सोडला होता. पान छापलं, वर १६९.२५४. मग प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला, दहा सेकंद थांबलो, चालू केला. निळा दिवा स्थिर झाला. पुन्हा पान छापलं: १९२.१६८.१.११. काकांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचली, आणि पेटी उचलून माळ्यावर ठेवून आले.

म्हणजे लाईट आल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी फायबरचा डबा, तो हिरवा झाला की वरचा राउटर, शेवटी प्रिंटर. बरेच प्रिंटर स्वतःहून पुन्हा प्रयत्न करतात, पण सगळे करत नाहीत. वारंवार लाईट जाणाऱ्या भागात फायबरच्या डब्याला छोटा राउटर-यूपीएस लावून टाका. डबा बंदच पडला नाही तर हा प्रश्नच उरत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तुम्ही रात्री मेन बंद करता असं लिहिलंय. इंकचा प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, तो पूर्ण शांत झाला की मग मेन. बटणाने बंद केल्यावर तो शाईचं डोकं एका कोपऱ्यात नेऊन झाकतो. मध्येच वीज तोडली तर डोकं उघडं राहू शकतं, शाई वाळते, आणि मग पानावर पांढऱ्या रेघा येतात.

आता तुमच्या घरातला दुसरा दोष. हो, दोन आहेत, एकावर एक बसलेले, म्हणून तर चार वेळा प्रयत्न करूनही माग लागेना. हॉलमध्ये फोनवरून प्रिंट निघते आणि वर निघत नाही, ही तुम्ही दिलेली सगळ्यात मोलाची माहिती. तुमच्या घरात एक वायफाय नाही, दोन आहेत. वरचा राउटर लावणाऱ्याने खालून आलेली लॅन केबल त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या, बहुतेक वेगळ्या रंगाच्या, खाचेत घातली असणार. इंटरनेट त्याने उत्तम चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण तसं केल्यावर वरचा राउटर स्वतःचं वेगळं बिऱ्हाड थाटतो आणि वरच्या यंत्रांना आपले वेगळे पत्ते वाटतो. प्रिंटर खालच्या बिऱ्हाडात, वर नेलेला लॅपटॉप वरच्या.

फोन आणि लॅपटॉप प्रिंटर शोधतात ते हाक मारून. ‘कुणी प्रिंटर आहे का?’ अशी हाक सगळ्या नेटवर्कला जाते आणि प्रिंटर ओ देतो. आयफोनमधलं एअरप्रिंट असो, अँड्रॉइडमधली छपाईची सोय असो की विंडोजचा शोध, साधारण सगळे असंच करतात. ही हाक एका राउटरपलीकडे जात नाही. म्हणून वरच्या खोलीत प्रिंटर ‘सापडत नाही’. गंमत अशी की वरून खालच्या प्रिंटरचा आयपी पत्ता हाताने टाकला तर पान अनेकदा निघतं, कारण वरचा राउटर बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. उलट मात्र होत नाही: प्रिंटर वर आणि लॅपटॉप खाली असता, तर पत्ता माहीत असूनही पोचता आलं नसतं. आणि दोन्ही राउटर १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते वाटत असतील तर सगळाच गोंधळ.

खात्री करून घ्यायची तर लॅपटॉप वर नेऊन वरच्या वायफायला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाका. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.५ आणि प्रिंटरच्या पानावर १९२.१६८.१.७ असं दिसलं, म्हणजे शेवटून दुसरा आकडा वेगळा निघाला, तर घरगुती राउटरच्या हिशेबाने ती दोन बिऱ्हाडं.

यावर उपाय एकच आणि तो फुकट आहे: वरच्या राउटरचं बिऱ्हाड मोडून त्याला फक्त खालच्या वायफायचा हात करायचा. हल्लीच्या बहुतेक राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो निवडला, राउटर बंद-चालू झाला, की संपलं. तो पर्याय नसेल तर हाताने करावं लागतं आणि क्रम चुकवायचा नाही. आधी वरच्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, खालचा डबा १९२.१६८.१.१ वर आहे असं मी धरतोय, तुमचा वेगळा असेल तर त्याच मालिकेतला, कुणाला न दिलेला पत्ता घ्या. मग वरच्या राउटरचं ‘डीएचसीपी’ बंद करा. पत्ते वाटायचं काम आता एकट्या खालच्या डब्याचं. सगळ्यात शेवटी केबल ‘वॅन’च्या खाचेतून काढून ‘लॅन’ लिहिलेल्या कोणत्याही खाचेत घाला. वरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवलेत तर फोन जिना चढता-उतरता आपोआप बदलत राहील, तुम्हाला कळणारही नाही. हे एवढं झाल्यावर वरच्या खोलीतून फोनने पुन्हा प्रयत्न करा. प्रिंटर दिसेल.

यानंतर पत्ता पक्का करायचा. लॉजच्या मॅनेजरला सांगून ठेवायचं की ही खोली याचीच, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून फायबरच्या डब्याच्या पानावर जा. नाव आणि पासवर्ड बहुधा डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतात. आत ‘डीएचसीपी’च्या भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक डीएचसीपी’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ अशा कुठल्यातरी नावाने सोय असते. डब्यागणिक नाव बदलतं. तिथे प्रिंटरच्या पानावरचा मॅक पत्ता टाका आणि त्याच्यासमोर एक आयपी लिहा, समजा १९२.१६८.१.५०. जतन करा, प्रिंटर बंद-चालू करा, पुन्हा पान छापून ५० आला का बघा. मॅकमध्ये ‘बी’ आणि ‘आठ’ यांची गल्लत होते, तेवढं जपून.

काही इंटरनेट कंपन्या डब्याची ही सेटिंग्ज ग्राहकाला उघडू देत नाहीत. अशा वेळी प्रिंटरमध्येच पत्ता हाताने घालता येतो. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आत्ताचा आयपी टाकलात की प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं. शाई किती उरली तेही तिथे दिसतं. त्यातल्या नेटवर्कच्या भागात ‘मॅन्युअल’ निवडा. सबनेट २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे फायबरच्या डब्याचा पत्ता, आणि आयपी असा निवडा की जो डबा दुसऱ्या कुणाला वाटणार नाही. डबा १० ते १५० पर्यंतचे वाटत असेल तर प्रिंटरला २०० द्या. दोघांना एकच पत्ता गेला तर दोघंही अडखळतात.

आणि आता लॅपटॉप. विंडोज प्रिंटर शोधून स्वतःहून घालते तेव्हा पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचं पोर्ट, म्हणजे प्रिंटरकडे जायचा रस्ता, लावते. ते त्या हाका मारण्यावर अवलंबून असतं, त्यामुळे लॅपटॉप झोपून उठला किंवा हाक ऐकू गेली नाही की प्रिंटर चालू असूनही ‘ऑफलाइन’ दिसतो. पत्ता पक्का झाल्यावर पोर्टही पक्कं करा. सेटिंग्ज, मग ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, तुमचा प्रिंटर, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’, त्यातला ‘पोर्ट्स’ टॅब. ‘ॲड पोर्ट’ दाबून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा, १९२.१६८.१.५० टाका, पुढे-पुढे करत संपवा. नवं पोर्ट यादीत खूण लावून दिसायला हवं. मग त्याच टॅबवर ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढा. विंडोज या एसएनएमपीने प्रिंटरची हालहवाल विचारते. काही घरगुती प्रिंटर त्याला नीट उत्तर देत नाहीत, आणि विंडोज त्यांना ऑफलाइन ठरवून मोकळी होते. माझ्या अनुभवात या एका खुणेने जितके प्रिंटर ‘बरे’ झालेत तितके दुसऱ्या कशाने नाहीत. स्कॅनिंगचा रस्ता वेगळा असतो, ते कंपनीच्या ॲपमधूनच करा.

एवढं करूनही जुनी कामं रांगेत अडकलेली असतील. तुम्ही ऑफलाइन असताना वीस वेळा ‘प्रिंट’ दाबलंय, ती सगळी तिथे बसलीत. ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या ‘सिस्टिम३२’च्या आतल्या ‘स्पूल’ फोल्डरमधलं ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर उघडा आणि त्यातल्या फायली पुसा. फोल्डर ठेवा, फक्त आतलं काढा. मग स्पूलर पुन्हा चालू करा. आणि ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हे बंद करून तुमचा प्रिंटर स्वतः डिफॉल्ट करा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होत जातो. एकदा पीडीएफ जतन केली की पुढची स्वाध्यायपत्रिका कागदावर येण्याऐवजी पीडीएफ होऊन बसते.

ज्यांचा प्रिंटर पहिल्याच दिवशी वायफायला जोडला जात नाही, त्यांच्यासाठीही लिहितो, कारण विचारणारे पुष्कळ आहेत.

घरगुती प्रिंटर बहुसंख्य वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या बँडवरच चालतात. नव्या राउटरमध्ये २.४ आणि ५ हे दोन्ही असतात आणि पुष्कळदा एकाच नावाखाली. बसवताना फोन ५ वर असला की काही ॲप तेच नेटवर्क प्रिंटरला देऊ बघतात आणि प्रिंटरला ते दिसतच नाही. राउटरमध्ये जाऊन दोन्हींना तात्पुरती वेगळी नावं द्या, फोन २.४ ला जोडा, प्रिंटर बसवा. एकदा बसला की लॅपटॉप ५ वर असला तरी चालतो. दोघं एकाच राउटरखाली असले म्हणजे झालं. दोघं एकाच बँडवर हवेत हा गैरसमज दुकानांतूनही ऐकू येतो, आणि त्यापायी लोक उगाच सगळं घर संथ बँडवर आणून ठेवतात.

दुसरी अडचण सुरक्षेची. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल तर थोडे जुने प्रिंटर आत येऊ शकत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही ‘पासवर्ड चुकीचा’ असा संदेश येतो आणि माणूस तोच पासवर्ड दहा वेळा टाकतो. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचं मिश्रण ठेवा. वायफायच्या नावात चित्रं, इमोजी किंवा देवनागरी अक्षरं असतील तर काही प्रिंटर अडखळतात. साधं इंग्रजी नाव ठेवा.

अँड्रॉइड फोनवरून बसवताना लोकेशन चालू ठेवा आणि ॲप मागेल ती परवानगी द्या. आजूबाजूची वायफाय शोधायला अँड्रॉइडला ती लागते, त्यात संशय घेण्यासारखं नाही. आणि मोबाइल डेटा बंद करा. बसवताना फोन काही क्षण प्रिंटरच्या स्वतःच्या वायफायला जोडला जातो. त्यावर इंटरनेट नसतं, म्हणून फोन ‘इथे नेट नाही’ म्हणत परत डेटाकडे पळतो आणि अर्ध्यात सगळं तुटतं. बऱ्याच प्रिंटरचा हा जोडणीचा काळ मर्यादित असतो, काहींचा दोन तास. तो उलटला असेल तर वायफायचं बटण मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे दाबून धरून तो पुन्हा सुरू करावा लागतो. राउटरला डब्ल्यूपीएसचं बटण असेल तर सगळ्यात सोपं: ते दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं दाबा.

‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होणारं वायफाय फोनवर दिसतं, ते प्रिंटरचं स्वतःचं. त्याला कायम जोडून ठेवू नका. प्रिंट निघेल, पण त्या फोनचं नेट जाईल. पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय असेल तर त्यावर प्रिंटर लावू नका. त्यातली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. आणि मुलगा पुण्याच्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन घरून काम करत असेल आणि एकट्या त्याचीच प्रिंट निघत नसेल, तर कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन बघा. ते चालू असताना घरातल्या यंत्रांकडे जाणारा रस्ता बहुधा बंद असतो. तो कंपनीचा नियम आहे, मोडू नका. फाइल फोनवर घेऊन छापा.

भिंतींचंही सांगायला हवं. वाईला, साताऱ्यात शनिवार-सोमवार पेठेकडे जुन्या वाड्यांत काम करताना काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंती लागतात. अशी एक भिंत मध्ये आली की २.४ चा सिग्नलही निम्म्यावर येतो, ५ चा तर विचारायलाच नको. तिथे प्रिंटर राउटरच्याच खोलीत ठेवा. तो शोभेचा नाही, दिवसातून दोनदा लागतो. लोखंडी कपाटाच्या आत किंवा मागे ठेवू नका, मायक्रोवेव्हजवळ तर नाहीच. तुमचा हॉलमध्ये आहे, ते उत्तम.

छापताना दोन गोष्टी. कागदाचा आकार ‘ए४’ आहे का ते लॅपटॉपवर आणि प्रिंटरवर दोन्हीकडे बघा. पुष्कळदा मुळात अमेरिकन ‘लेटर’ असतो, तो ए४ पेक्षा थोडा रुंद आणि आखूड, आणि प्रिंटर ‘कागद जुळत नाही’ म्हणून अडून बसतो. दुसरं, मराठी स्वाध्यायपत्रिका किंवा सातबारा छापताना वेलांट्या-काने सुटले किंवा चौकटी उमटल्या तर ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट ॲज इमेज’ला खूण करा. पान थोडं हळू निघेल, पण अक्षर शाबूत येईल. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नका, दमट कागद एकावर एक चिकटून आत जातो.

लेझर प्रिंटर असणाऱ्यांनी तो घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये. कागद तापवणारा भाग चालू होताना तो बराच भार ओढतो, साध्या इन्व्हर्टरला तो झेपत नाही. तुमचा इंक टँकचा आहे, त्याला फार कमी वीज लागते, तो चालेल.

आणि ताई, घरात एकच लॅपटॉप असेल आणि तो प्रिंटरशेजारीच राहणार असेल, तर मी बिनदिक्कत यूएसबी केबल लावायला सांगतो. केबल लावली तरी त्याच प्रिंटरवर फोनसाठी वायफाय बहुतेक वेळा चालू ठेवता येतं. तुमच्याकडे मात्र लॅपटॉप वर-खाली फिरतो, मुलालाही प्रकल्प छापायचे असतात, म्हणून तुमच्यासाठी वायफायच योग्य. एकदा शनिवारी दुपारी तासभर बसा, आधी वरच्या राउटरची केबल, मग पत्ता, मग पोर्ट, याच क्रमाने. मुलाला बरोबर घ्या, पुढच्या वेळी तो करेल. झाल्यावर १९२.१६८.१.५० हा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या पाठीवर चिकटवा, शेजारी मॅक पत्ताही.

एवढ्यावर अडलंच तर नेटवर्कचं नवं पान छापा आणि त्याचा फोटो मला पाठवा, वरच्या राउटरच्या पाठीमागे केबल कुठल्या खाचेत आहे त्याचाही. पाठवण्याआधी पानावर ‘वायफाय डायरेक्ट’चा पासवर्ड उघडा छापलेला असेल तर त्यावर बोट ठेवून फोटो काढा.